डावा बड कमी वाजतो

सुजाण नागरिकाने कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी पूर्ण चौकशी करावी आणि ती पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा करावी, यातच समाजाचं हित आहे. पूर्वी लोक दुकानात जात, वस्तू मागत आणि घेऊन घरी येत. त्या काळात किती जण फसले याची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण फसल्याचं कोणाच्या लक्षातच येत नसे. आता प्रत्येक वस्तूखाली चार-चार हजार लोकांचे अभिप्राय असतात. ते सगळे वाचले की आपण फसणार आहोत हे माणसाला आधीच कळतं, आणि मग तो समाधानाने फसतो.

नाशिकच्या इंदिरानगरातले गोरक्ष गायधनी हे या काळाला शोभणारे गृहस्थ. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. विंचूरच्या कांदा बाजारातले वजनकाटे, सराफांचे तराजू, पेट्रोल पंपांची मापं, जे जे म्हणून काही मोजतं ते ते त्यांनी मोजून पाहिलं. त्यांच्यापुढे खोटा काटा टिकत नसे. खराही सहसा टिकत नसे, कारण ते तो इतका वेळ हलवून बघत की शेवटी तो बिघडायचाच. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "गायधनींच्या नजरेतून एकही यंत्र सुटलं नाही." (माणसांबद्दल कोणी काही बोललं नाही. तो त्या खात्याचा विषय नव्हता.)

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाऊ लागले. तिथे आठवडाभरातच त्यांच्या निदर्शनास आलं की चालणाऱ्या ज्येष्ठांचे दोन वर्ग आहेत: कानात काहीतरी घातलेले आणि न घातलेले. पहिल्या वर्गाला कोणी थांबवून गुडघेदुखीची हकीकत सांगत नाही. दुसऱ्या वर्गाला फक्त तेवढंच सांगतात. सबब, गोरक्षरावांनी वायरलेस इयरबड्स घेण्याचं ठरवलं.

त्यासाठी त्यांनी एक लांब वही आणली आणि तिच्यात त्रेचाळीस रकाने पाडले. बॅटरी किती तास, डबीत किती तास, घाम चालतो का, पाऊस चालतो का, डबी मिटताना आवाज कसा येतो, कानातून पडल्यास गटारात जाण्याची शक्यता किती. दोनशेच्या वर व्हिडिओ पाहून झाले. ते करणारे तरुण विशीतले होते आणि त्यांच्या मते प्रत्येक इयरबड "या किमतीत जबरदस्त" होता. गोरक्षराव त्यांची एकमेकांशी पडताळणी करत आणि लाल शाईने शेरे मारत. या कामात सात महिने गेले. (मूळ गरज काय, तर सकाळी चाळीस मिनिटं भक्तिगीतं ऐकणे. ती वहीच्या पहिल्या पानावर होती आणि ते पान पुढे कधी उघडलं गेलं नाही.)

एके दिवशी जेवताना त्यांनी बायकोला बाहेरचा आवाज बंद करण्याची सोय समजावून सांगितली.

"तुम्हाला कशाला हवी ती?" अंजलीताई म्हणाल्या. "तुमच्यात ती बसवूनच आलेली आहे."

"चालेल," गोरक्षराव म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

इथे बैठकव्यवस्थेचा खुलासा करणं आवश्यक आहे. जेवणाच्या टेबलावर टीव्ही त्यांच्या उजवीकडे येई आणि स्वयंपाकघराचं दार डावीकडे. अंजलीताई डावीकडे बसत, म्हणजे पोळी वाढायला सोपं. त्या बाजूने जे काही येई, त्याला गोरक्षरावांचं उत्तर गेली बरीच वर्षं "चालेल" असंच होतं. यामुळे त्यांचा संसार परिचितांमध्ये आदर्श समजला जाई.

आठव्या महिन्यात त्यांनी एमजी रोडवरच्या योगेशच्या मोबाईलच्या दुकानातून पहिली जोडी घेतली. घरी आणून कानात घातली, गाणं लावलं आणि त्यांचा चेहरा चौतीस वर्षांच्या सवयीने गंभीर झाला. डावा बड कमी वाजत होता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर. योगेशने बड स्वतःच्या कानात घालून पाहिला.

"काका, मला तर दोन्हीकडे सारखंच येतंय."

"तुम्ही विक्रेते. तुम्हाला येणारच."

योगेशने दुसऱ्या कंपनीची जोडी बदलून दिली. दुसऱ्या जोडीचाही डावा कमी. तिसऱ्या कंपनीची आणली, तिचाही. चार महिन्यांत अकरा कंपन्यांच्या अकरा जोड्या झाल्या. योगेश भला माणूस, पण अकराव्या वेळी तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला, "काका, माझं एक ऐका. उलटे घालून बघा. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात."

गोरक्षरावांनी घालून पाहिले. उजव्या कानातला डावा बड खणखणीत वाजत होता. डाव्या कानातला उजवा मात्र लांबच्या लग्नातल्या बँडसारखा येत होता.

योगेश आशेने त्यांच्याकडे बघत राहिला.

"बघा," गोरक्षराव म्हणाले. "आता उजवाही बिघडला."

त्या दुपारी त्यांनी सार्वजनिक हितार्थ इंटरनेटवर अभिप्राय लिहिला: "अकरा कंपन्यांचे इयरबड्स तपासले. सर्वांचा डावा बड उजव्यापेक्षा कमी वाजतो. अदलाबदल केल्यास दोष उजव्यात शिरतो. ग्राहकांनी सावध राहावे. गो. रा. गायधनी, निवृत्त वजनमापे निरीक्षक." ही शेवटची ओळ निर्णायक ठरली. पंधरा दिवसांत अकराशे चाळीस लोकांनी हा अभिप्राय उपयुक्त असल्याची खूण केली. खाली प्रतिसाद आले. एकाने लिहिलं, "अगदी बरोबर सर. मला आधी जाणवत नव्हतं, तुमचं वाचल्यापासून जाणवायला लागलं." दुसऱ्याने लिहिलं की त्याचा तर डावा बड हरवलेला आहे, पण तो असता तर कमीच वाजला असता.

शास्त्रीय आधारही मिळाला. ट्रॅकवर येणारे देवराम सर, निवृत्त विज्ञान शिक्षक, यांनी तीन फेऱ्या विचार करून सिद्धान्त मांडला: कारखान्यातले बहुतेक कामगार उजव्या हाताचे असतात. ते उजवा बड उजव्या हाताने, मन लावून जोडतात आणि डावा डाव्या हाताने, कसातरी. यात खोट काढणं अवघड होतं, कारण सर ते फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत लिहून सांगत. महिन्याभरात निम्मा ट्रॅक डाव्या कानावर बोट दाबून चालू लागला. योगेशच्या दुकानात लोक येत, बड कानात घालत, मान हलवत आणि परत ठेवून जात. योगेशने इयरबड्सचं कपाट मागे सरकवलं आणि पुढे मोबाईलची कव्हरं मांडली.

गोरक्षरावांकडे लोक सल्ल्याला येऊ लागले. रविवारी दहा ते बारा अशी वेळ ठरली. मुलगी योगिनी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासायची. तिने एकदाच सांगून पाहिलं, "पप्पा, एखाद्या वेळी सगळ्या मालात एकच दोष सापडला तर आम्ही आधी मोजायचं यंत्र तपासतो."

"बरोबर," गोरक्षराव कौतुकाने म्हणाले. (ती उजवीकडे उभी होती.) "म्हणून तर मी अकरा यंत्रं तपासली."

अशाच एका रविवारी इगतपुरीहून तिघे जण आले. खंडेराव नाठे, त्यांच्या पत्नी कुसाबाई आणि रेल्वेत सिग्नलच्या कामावर असलेला त्यांचा मुलगा दीपक. तिघेही इस्त्रीच्या कपड्यांत, हातात पेढ्यांचा पुडा. इगतपुरीपर्यंत आपलं नाव गेल्याचं पाहून गोरक्षरावांना भरून आलं. त्यांनी खंडेरावांना सोफ्यावर आपल्या डावीकडे बसवलं, दीपकला उजवीकडच्या खुर्चीवर, आणि वही उघडली. अंजलीताई आणि योगिनी आत पोहे करत होत्या.

"काय अपेक्षा आहेत तुमच्या?" त्यांनी दीपकला विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारत.

दीपकने रुमालाने कपाळ पुसलं. "फार काही नाही, काका. शेवटपर्यंत साथ द्यावी, एवढंच."

"शेवटपर्यंत?" गोरक्षराव हसले. "दीड वर्ष धरून चाला. त्यापुढे चाललं तर तुमचं नशीब."

कुसाबाईंनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि घाई करू नका. घरी न्या, महिनाभर बघा, नीट बसतंय का. नाही पटलं तर परत आणून द्या. लाजायचं काही कारण नाही, मी अकरा वेळा परत केलेत."

 मग खंडेराव बायकोकडे वाकून हळूच म्हणाले, "माणूस लय पुढच्या इचाराचा हाय." आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला. "मंग साहेब, चार जुलै धरू का? आमच्या इगतपुरीतलं लॉन मोकळं हाय तवा. उघड्यावर हाय, पन जागा लय भारी."

डावीकडून काहीतरी पुटपुटल्याचं गोरक्षरावांना जाणवलं. "चालेल," ते म्हणाले.

"पाऊस आसतो तवा, आसं कोन म्हनंल..."

"चालेल, चालेल."

"आमच्याकडची आठशे मान्सं व्हतील."

"चालेल हो," गोरक्षराव म्हणाले आणि दीपकला डबी मिटण्याचा आवाज या रकान्याचं महत्त्व सांगू लागले. तेवढ्यात योगिनी बाहेर आली आणि पाहुण्यांच्या पाया पडली. सल्ल्याला आलेल्यांच्याही पाया पडणारी मुलगी आजकाल बघायला मिळत नाही, असं गोरक्षरावांच्या मनात आलं. अंजलीताई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोह्यांना कांदा जास्त पडला असावा, असा गोरक्षरावांनी अंदाज केला.

तीन आठवड्यांनी छापखान्यातून पाकीट आलं. गोरक्षरावांनी ते फोडलं. आत लग्नपत्रिकेचा नमुना होता. छपाईच्या चुका बघण्याच्या सवयीने त्यांनी पेन काढलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. तिथे त्यांच्या मुलीचं नाव होतं. पाचव्या ओळीवर त्यांचं स्वतःचं. त्यात चूक नव्हती.

"हे काय आहे?" ते ओरडले. अंजलीताई स्वयंपाकघरातून आल्या.

"नमुना आलाय होय? बघू."

"योगिनीचं लग्न ठरलं? कोणी ठरवलं? मला कोणी विचारलं?"

"सात वेळा विचारलं," अंजलीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. "संक्रांतीला पहिल्यांदा सांगितलं, की पोरीने मुलगा स्वतःच निवडलाय, कॉलेजातला आहे. चार दिवस भीत होते मी, तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून. तुम्ही चालेल म्हणालात. मग त्याची नोकरी सांगितली, चालेल म्हणालात. गाव सांगितलं, चालेल. त्यांना रविवारी बोलावू का, विचारलं. चालेल! बहिणीला फोन करून सांगितलं मी, की निवृत्त झाल्यापासून माणूस किती बदललाय बघ. रडले हो मी त्या दिवशी आनंदाने."

गोरक्षराव खुर्चीत बसले. समोर त्यांची वही होती. इयरबड्ससाठी त्रेचाळीस रकाने, अकरा जोड्या, बारा महिने. जावयासाठी एक शब्द, तोही ज्वारीची भाकरी आणि लिंबाचं लोणचं यांच्या मध्ये कधीतरी. त्यांना संतापायचं होतं. पण कोणावर, ते पत्रिकेत दिलेलं नव्हतं.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.  आवाज ऐकून आलेली योगिनी गोरक्षरावांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या उजव्या कानापाशी चुटकी वाजवली.

"वाजली," ते म्हणाले.

तिने डावीकडे वाजवली. दोनदा वाजवली.

"आता?"

"वाजव की."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पूजा तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी गोरक्षरावांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. परीक्षा झाल्यावर कागदावर दोन रेषा आल्या. उजव्या कानाची वर, सरळ. डाव्याची गंगापूर धरणाच्या सांडव्यासारखी खाली गेलेली.

"हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंय?" गोरक्षरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. गोरक्षरावांनी चष्मा वर करून तारीख वाचली, मुदत वाचली, सही आणि शिक्का निरखून पाहिला. मग त्यांनी हेडफोन उलटे घालून परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. रेषांनी जागा बदलल्या, दोष मात्र डाव्या कानातच राहिला. यंत्र बरोबर निघाल्याचं दुःख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"काका, डाव्या कानाला निम्म्याहून कमी येतंय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे आजचं नाही. दहा वर्षं तरी झाली असतील."

"दहा?" अंजलीताईंनी विचारलं. दहा वर्षांत डावीकडून आपण काय काय बोललो, याची यादी त्या मनात करू लागल्या असाव्यात. सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यादी सासूबाईंविषयीच्या उद्गारांपर्यंत पोहोचली तेव्हा ते थांबलं आणि चेहऱ्यावर काहीसा दिलासा दिसला.

डॉक्टरांनी कानाला लावायच्या मशिनचे चार प्रकार पुढे ठेवले. गोरक्षरावांचा हात खिशातल्या पेनकडे गेला. "याचे साधारण किती रकाने होतील..." त्यांनी सुरुवात केली.

अंजलीताईंनी पहिलं मशीन उचलून त्यांच्या डाव्या कानात बसवलं आणि त्या बाजूला वाकून म्हणाल्या, "ऐकू येतंय?"

"येतंय."

"हेच द्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. निवड पूर्ण व्हायला दीड मिनिट लागलं.

गोरक्षराव प्रामाणिक माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी अभिप्रायाखाली दुरुस्ती लिहिली: "डावा बड कमी वाजत नाही. माझा डावा कान कमी ऐकतो. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे." ही दुरुस्ती आजपर्यंत तीन लोकांना उपयुक्त वाटली आहे. (एक योगिनी, एक योगेश, तिसऱ्याची बोटाची चूक असावी.) बाकीच्यांचे प्रतिसाद कडक होते. कंपन्यांनी गायधनींना विकत घेतल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. एकाने विचारलं की कान खराब झाला तो कोणाचे इयरबड्स घालून, हे का लपवता? देवराम सरांनी ट्रॅकवर बोलणं सोडलं. ते म्हणाले, कानाच्या डॉक्टरही उजव्याच हाताच्या असणार.

पुढे एका कंपनीने डावा बड मुद्दाम जास्त वाजणारी जोडी बाजारात आणली. ती नाशकात हातोहात खपली. योगेशने कपाट पुन्हा पुढे ओढलं. ज्यांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत असे शेकडो लोक आज ती घालून फिरतात. त्यांना आता सगळं थोडं डावीकडून येतं. आवाज शेवटी कसा बरोबर झाला, हे ते एकमेकांना सांगतात.

चार जुलैला इगतपुरीत लग्न झालं. लॉन मोकळंच होतं. इतर कोणी ते त्या महिन्यात कधीच घेत नाही, हे मालकाने आनंदाने सांगितलं. गुडघाभर पाण्यात मांडव उभा राहिला आणि शेवटी आठशे माणसं शेजारच्या तांदळाच्या गोदामात जेवली. दीपकने स्वतः पँट दुमडून सासऱ्यांना उचलून पायरीवर ठेवलं. हा मुलगा पारखायला त्रेचाळीस रकाने लावले असते, तर तो बहुधा पाऊस चालतो का, या रकान्यात सर्वांत पुढे राहिला असता, असं गोरक्षरावांना वाटून गेलं.

निघताना योगिनी त्यांच्या गळ्यात पडली आणि डाव्या कानापाशी म्हणाली, "पप्पा, आईला आता उजवीकडे बसवा." पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तरी त्यांना ते ऐकू आलं. 

मूळ अभिप्राय अजून जागेवर आहे. त्याच्या खुणा आता एकोणीसशेवर गेल्या आहेत.

प्रस्तुत वृत्तान्त वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात आपल्या घरातून आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारलं आहे आणि आपण मान वर न करता त्याला संमती दिली आहे. कशाला, ते आता उठून विचारून यावं. आणि कारण काय सांगायचं, ते जाता जाता ठरवावं. कारण गोरक्षरावांकडे निदान डॉक्टरांचा कागद होता.